परतीची टिकटिक

आमच्या मारुती ८००चा स्टार्टर दोन बोल्टांनी धरलेला आहे. खालचा पाच मिनिटांत निघाला. वरच्याने माझे तीन रविवार खाल्ले.

गाडी जुनी आहे आणि गिरगावात आमच्या इमारतीच्या मागच्या बोळात उभी असते. एका अंगाला सांडपाण्याचे पाइप, दुसऱ्या अंगाला शेजारच्या वाडीची भिंत. बॉनेट उघडून एक माणूस वाकेल एवढी जागा मिळते. पण एक बाई बॉनेटमध्ये डोकं घालून उभी आहे हे बघायला वरच्या तीनही गॅलऱ्यांत माणसं जमतात, तेवढं सोसायची तयारी हवी. मला आता सवय झाली आहे. त्यांनाही झाली आहे म्हणा, हल्ली फक्त "आज काय काढलं?" असं विचारून आत जातात.

त्या दिवशी उजवा हात कोपरापर्यंत आत होता. बोल्ट दिसत नव्हता, फक्त बोटांना लागत होता. चाचपडत चौदाची गोटी, म्हणजे सॉकेट, त्याच्यावर बसवली आणि ती ज्यानं फिरवतात त्या रॅचेटची, म्हणजे दातेरी चाकाच्या पान्याची, दांडी फिरवायला गेले. एकीकडे ती रबरी नळीला अडे, दुसरीकडे पत्र्याच्या पट्टीला. मधली जागा दोन बोटं. पहिल्या खेपेला बोल्ट किंचित हलला. मला वाटलं, जमलं. त्यानंतर दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती येरझाऱ्या घालत राहिली. आत 'टिक' म्हणून झालं नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्यामुळे हिशोब तिथंच, काळ्या हातांनिशी, मनात झाला. त्या रॅचेटच्या चाकाला २४ दाते. म्हणजे पुढचा दाता पकडायचा तर दांडी १५ अंश फिरायला हवी. दांडी २० सेंटिमीटर लांब, तर तिच्या टोकाला सव्वापाच सेंटिमीटर जागा पाहिजे. माझ्याकडे जेमतेम तीन होती. ३६ दात्यांचं असतं तर साडेतीन लागली असती, म्हणजे तेही हुकलं असतं. ७२ दाते असतील तर पाच अंश, पावणेदोन सेंटिमीटर. ते बसतं. बॉनेट लावलं, हात धुतले आणि नवऱ्याला सांगितलं की मला नवीन रॅचेट घ्यावं लागणार आहे. "आहे ना एक?" तो म्हणाला. साड्यांच्या दुकानात मी त्याच्याकडून हे वाक्य कधी ऐकलेलं नाही.

ज्यांनी हे हत्यार हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रॅचेटच्या डोक्यात तसं फार काही नसतं. एक दातेरी चाक. त्याच चाकातून बाहेर आलेला चौकोन, ज्यावर गोटी बसते. दात्यांत अडकणारं एक कुत्रं, त्याला मागून ढोसणारी स्प्रिंग आणि दिशा बदलायची छोटीशी कळ. 'कुत्रं' हा शब्द माझा नाही, सायकलवाल्यांचा आहे. फ्रीव्हीलमधली कुत्री गेली की पेडल नुसतं गरगरतं, हे आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. एका दिशेनं ते दाता पकडून बसतं, दुसऱ्या दिशेनं दात्यांच्या पाठीवरून टिकटिक करत घसरतं. हँडब्रेक ओढताना होणारी कर्रकर्र त्याच घराण्यातली. माझे आजोबा लालबागच्या एका मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. साच्यावर विणलेलं कापड गुंडाळून घेणारा रूळही असाच, दात्यादात्यानं, कुत्र्याच्या धक्क्यानं पुढं सरकतो. गिरणगावात दिवसरात्र जो आवाज भरून राहायचा, त्यात हीही टिकटिक असणार. साच्यांच्या खडखडाटात ती वेगळी कुणाला ऐकू आली असेल असं मात्र वाटत नाही.

तर पुढच्या शनिवारी मी नागदेवी स्ट्रीटला गेले.

क्रॉफर्ड मार्केटपासून मस्जिद बंदरच्या दिशेनं जाणारी ही गल्ली मला मुंबईतल्या कुठल्याही मॉलपेक्षा आवडते. साखळ्या, पुली, व्हॉल्व्ह, ड्रिल, ग्राइंडरच्या चकत्या. दुकानं बोळकांडीएवढी आणि माल छतापर्यंत. हातगाडीवाले "साइड, साइड" करत तुमच्या टाचांना चाक लावून जातात. दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "साहेबांना कोणता पाहिजे, लिहून आणलंय का?" मी म्हणते, साहेबांना पाना कशाशी खातात ते माहीत नाही, तुम्ही मला दाखवा. मग काउंटरवर चहाचा ग्लास बाजूला होतो आणि खोकी उघडायला लागतात.

तिथं एक गोष्ट नेहमी खटकते. आपल्याकडे रॅचेट म्हणजे अर्धा इंची चौकोनाचं असं धरूनच चालतात. ट्रकच्या कामाला ते ठीक आहे. पण छोट्या गाडीचे बहुतेक बोल्ट दहा, बारा आणि चौदाच्या डोक्यांचे. त्यांना तीन-अष्टमांश इंची पुरतं, डोकं लहान असतं, अडचणीत शिरतं. ते मागितलं की दुकानदार "थ्री-एट? अच्छा, देखना पडेगा" म्हणत पोराला माळ्यावर चढवतो. पोरगा पंधरा मिनिटांनी धुळीनं माखून उतरतो, आणि मग न घेता निघायची लाज वाटते.

तशाच लाजेपोटी मी एक घेतलं. "मॅडम, बहत्तर दात है, इम्पोर्टेड माल." कुठून इम्पोर्टेड ते खोक्यावर नव्हतं. चकचकीत होतं, स्वस्त होतं, आणि दाते मोजून पाहिले तर खरंच ७२ होते.

दुसरा रविवार. गोटी बसली, दांडी नळीपासून पट्टीपर्यंत नेली, परत आणली: टिक. मी बोळात एकटीच हसले. एक टिक म्हणजे पाच अंश, एक पूर्ण फेरा म्हणजे बहात्तर टिक. असू दे, रविवार मोकळाच होता. अर्धा फेरा झाला, बोल्ट सैल झाला, आणि तिथून पुढं भलतंच सुरू झालं. दांडी पुढं नेली की बोल्ट पुढं, मागं आणली की बोल्टही मागं. टिक व्हायच्या आधीच तो वळायचा. बोल्ट घट्ट होता तोवर आट्यांचं घर्षण त्याला जागेवर धरून होतं आणि कुत्रं दात्यांवरून घसरत होतं. आता आट्यांतला विरोध कमी झाला, रॅचेटच्या पोटातला तेवढाच राहिला. मग घसरायचं कुणी? जो सैल तो. बोटानं गोटी धरून ठेवावी तर बोट तिथं पोचत नव्हतं. वीस मिनिटं मी त्या बोल्टला पुढं-मागं झुलवत होते, पाळण्यासारखं.

मग मी एक शहाणपणा केला. रॅचेट उघडून आत ग्रीस भरलं. जाड, बेअरिंगला लावतात ते, भरपूर. फिरायला मऊ झालं, पण कुत्रं त्या ग्रीसमध्ये लोळायला लागलं. स्प्रिंग बिचारी ढोसतेय, हे जागचं हलत नाही, दाता धड धरत नाही. दुपारी दुसऱ्याच एका घट्ट नटावर जोर लावला आणि आतलं सगळं सुटलं. हात जाऊन रेडिएटरच्या कडेवर आपटला. तीन बोटांच्या पेरांची सालं निघाली. सोमवारी वर्गात खडू धरताना पोरांनी विचारलं, मॅडम, काय झालं? घर्षण कमी केलं, असं मी सांगितलं. रॅचेटच्या डोक्यात पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, धीर नव्हता.

माझा मामा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होता. १९१५ पासून चालू असलेलं ते वर्कशॉप, जिथं लोकलचे आणि गाड्यांचे डबे दुरुस्तीला जातात. मामाचं रॅचेटबद्दलचं मत लहानपणापासून ऐकत आले आहे: हे आळशांचं हत्यार. खरा पाना म्हणजे रिंग पाना, नटाभोवती गोल बसणारा. बोटांची पट्टी बघून त्यानं एवढंच विचारलं, "पहिला झटका कशाला दिलास त्याला?" म्हणजे असं की घट्ट बसलेला नट आधी रिंग पान्यानं किंवा सरळ दांड्यानं हलवायचा, तो हलला की मग रॅचेट लावून फिरवायचं. रॅचेटच्या आत सगळा भार मोजक्याच दात्यांच्या कडांवर येतो. अर्धा इंची रॅचेटानं चाचणीत ५१२ न्यूटन-मीटरचा पीळ सोसायला हवा असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. गाडीच्या चाकाचे नट साधारण १०० न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे हे भरपूर झालं. पण आपल्याकडे दांडीवर मीटरभर पाइप चढवून साठ किलोचा माणूस त्यावर लोंबकळतो. साठ गुणिले ९.८ गुणिले एक मीटर, ५८८ न्यूटन-मीटर येतात. मग "रॅचेट फोकट निकला" म्हणून दुकानदाराशी भांडण.

तिसरं पात्र माझा एक जुना विद्यार्थी. बारावीला फिजिक्समध्ये कसाबसा पास झाला, आता रे रोडला मोठ्या मोटरसायकलींचं वर्कशॉप चालवतो आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कमावतो. बोल्टची कहाणी ऐकून तो म्हणाला, "मॅडम, या एकदा. हात लावून बघा." गेले तर त्याचे खण बघून तोंडाला पाणी सुटलं. हिरव्या फोममध्ये कापलेल्या खाचांत एकेक हत्यार झोपवलेलं.

स्नॅप-ऑनचं ड्युअल ८०, म्हणजे ८० दाते, साडेचार अंश. नेप्रोसचं ९० दात्यांचं, चार अंश. नेप्रोस हा क्योटोच्या केटीसीचा उंची माल. आरशासारखा घासलेला, त्यात माझा चष्मा आणि कपाळावरची ग्रीसची रेघ दोन्ही दिसले. वेराचं झायक्लोप, ७२ दाते, डोकं वाकवून दांडी स्क्रूड्रायव्हरसारखी सरळ करता येते. वेरा जर्मनीतल्या वुपरटालची. शेजारच्याच रेमशाइडमध्ये हॅझेट आणि गेडोरे. आपल्याकडे कोल्हापूरला चपला आणि पैठणला साड्या, तशी त्या खोऱ्यात हत्यारं. गिअररेंचचं १२०चं होतं, ज्यात चाकाला ६० दाते असतात पण एकावर एक अशी दोन कुत्री अर्ध्या दात्याच्या फरकानं बसवलेली. एक धरतं तेव्हा दुसरं घसरतं, म्हणून तीन अंशांत टिक. या कल्पनेवर मी अर्धा तास फिदा होते. आणि एका कोपऱ्यात कोकेनचं झील. शिझुओकाची ही कंपनी १९४६ सालची, तिचं खरं नाव गोट्यांसाठी. ते रॅचेट ३६ दात्यांचं. म्हणजे कागदावर या सगळ्यांत ढ.

"यांतलं कुठलं?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा ना. तुम्ही आम्हाला प्रयोगवही लिहायला लावायचात."

मग आम्ही प्रयोग केला. रॅचेटचा चौकोन व्हाइसमध्ये आडवा पकडायचा, दांडी जमिनीला समांतर, अशी की खाली गेली तर टिकटिकच्या दिशेनं जाईल. दांडीच्या टोकाला दोऱ्यानं चहाचा प्लॅस्टिकचा कप बांधायचा आणि त्यात नाणी टाकत जायचं. दांडी स्वतःहून खाली घसरायला लागली की थांबायचं. जितकी नाणी जास्त, तितका परतीचा विरोध जास्त. आठवीच्या पोरालाही करता येईल. शेजारी रॉयल एनफिल्ड उघडून बसलेला कारागीर हातातला पाना ठेवून बघायला आला.

माझं नागदेवीचं चकचकीत रत्न आधी लावलं; ग्रीस साफ करून आणलं होतं, उगाच अन्याय नको. दहाची नऊ नाणी पडली तेव्हा ते हललं, तेही एकदा थांबून, विचार करून. बाकीच्यांचा क्रम सांगत नाही. वापरून जुनी झालेली आणि परवा खोक्यातून काढलेली रॅचेटं एका तागडीत घालणं बरोबर नाही, आणि दुकानाच्या व्हाइसमधल्या प्रयोगाची तेवढी ऐपतही नाही. पण कोकेनचं सांगते. कप बांधायच्या आधीच दांडी सोडली, तर ती आपल्याच वजनानं हळूहळू खाली आली. टिक, टिक, टिक, टिक. झोपाळ्यावर बसलेल्या म्हातारीच्या पायासारखी.

एवढी वर्षं मी दाते मोजत होते. खोक्यावर ७२ लिहिलेलं, ९० लिहिलेलं, आकडा मोठा तो चांगला. आकडा खोटा नाही. दोन बोटांच्या जागेत ३६ दाते हरतातच, तिथं गणितापुढं कुणाचं चालत नाही. पण दाते बारीक केले की सगळं बारीक करावं लागतं. कुत्र्याला एकाच वेळी जास्त दाते धरावे लागतात, नाहीतर भार पेलणार नाही. जास्त दाते धरायचे तर पृष्ठभाग जास्त, आणि तो खडबडीत असेल किंवा स्प्रिंग नको तितकी ताठ ठेवली असेल तर परतीचा विरोध वाढतो. स्वस्तात ७२ दाते पाडता येतात. ७२ दाते पाडून परत हलकं ठेवणं, त्याचे पैसे असतात. रॅचेट आवळताना कसं आहे हे कळतच नाही, सगळी सारखीच लागतात. कळतं ते हात रिकामा मागं येताना.

मुळात एवढे दाते लागायला का लागले, हे मला आधी कळायला हवं होतं, कारण आमच्या बिल्डिंगीत एक टॅक्सीवाले काका होते. त्यांची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. सगळं काम स्वतः करायचे, तेही दोन रिंग पाने, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक पक्कड एवढ्यावर. कारण पद्मिनीचं इंजिन उभं, लांबीच्या दिशेनं बसवलेलं, आणि आजूबाजूला एवढी मोकळी जागा की डबा ठेवून जेवता आलं असतं. पाना अर्धा वर्तुळ फिरवा, कोण अडवतंय? मारुतीनं इंजिन आडवं केलं आणि जागा गेली. त्यापुढच्या गाड्यांत तर बॉनेटखाली हात घालायला जागा उरली नाही. दाते चोवीसवरून छत्तीस, बहात्तर, एकशेवीसवर गेले ते काही उगाच नाही. काकांची गाडी मुंबईच्या शेवटच्या काही पद्मिनी टॅक्सींपैकी. ऑक्टोबर २०२३ अखेर त्या सगळ्याच रस्त्यावरून उतरल्या. काका त्याच्या आधीच गावी गेले. जाताना माझ्या हातात बारा-तेराचा रिंग पाना ठेवला. म्हणाले, हा कधी घसरत नाही. खरं आहे. त्यात घसरायला काही नाहीच.

मूळ कल्पना तशी म्हातारी आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या जे. जे. रिचर्डसनला १८६३ साली रॅचेट असलेल्या गोटीपान्याचं पेटंट मिळालं. १९२०मध्ये स्नॅप-ऑन सुरू झाली ती पाच दांड्या आणि दहा गोट्या घेऊन, 'पाच पन्नासांचं काम करतात' अशी जाहिरात करत. पण या सगळ्या इतिहासात मला आवडतो तो पीटर रॉबर्ट्स. साठच्या दशकात सीअर्सच्या दुकानात काम करणारा अठरा वर्षांचा पोरगा. ग्रीसच्या हातानं गोटी ओढून काढायचा त्याला कंटाळा आला, म्हणून रॅचेटच्या पाठीवर एक बटण बसवलं: दाबलं की गोटी सुटते, एका हातानं. सीअर्सनं ते हक्क घेतले, नगामागे दोन सेंट आणि जास्तीत जास्त दहा हजार डॉलर या बोलीवर. मग ती रॅचेटं लाखांनी खपली. रॉबर्ट्सनं १९६९ मध्ये दावा लावला आणि वीस वर्षं कोर्टात काढून, १९८९ मध्ये, तडजोडीत ऐंशी लाख डॉलरच्या वर घेतले. ते बटण आज माझ्या तिन्ही रॅचेटांवर आहे. बोल्टवरून गोटी निघत नसताना, वर हात करून लोंबकळत असताना, अंगठ्यानं ते दाबते तेव्हा मला त्या पोराची आठवण येते.

(एक सांगायचं राहिलं. गोटी घ्याल ती सहा कोनी घ्या. बारा कोनी लवकर बसते, पण गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. आणि मुंबईत गंजलेला नसलेला नट कुठं असतो? पावसाळ्यात आमच्याकडे डब्यातल्या टाचण्याही गंजतात.)

विद्यार्थ्यानं कोकेन मला आठवडाभर वापरायला दिलं. "पण मॅडम, ३६ दाते तुमच्या जागेत फिरणार नाहीत," हेही तोच म्हणाला. बारावीत असा विचार केला असता तर. मग त्यानंच तोड काढली: एक लांब एक्स्टेंशन जोडा, म्हणजे दांडीच त्या अडचणीतून बाहेर मोकळ्या जागेत येईल. मी दोन आठवडे अंश मोजत बसले होते आणि अडचणीतून बाहेर पडायचं सुचलं नव्हतं.

तिसरा रविवार. गोटी, तिला फूटभर एक्स्टेंशन, त्याला रॅचेट. दांडी आता नळी आणि पट्टी दोन्हींच्या अलीकडे, बॅटरीच्या वर, मोकळी. पहिला झटका सरळ दांड्यानं दिला, मामाची आठवण ठेवून. मग रॅचेट. बोल्ट सैल झाला आणि मी श्वास रोखून दांडी मागं आणली.

टिक.

बोल्ट जागेवर. पुढं नेली, बोल्ट पुढं. मागं आणली, टिकटिकटिक, बोल्ट जागेवर. शेवटी तर दांडी धरायचीही गरज राहिली नाही, रॅचेटचं डोकंच दोन बोटांनी चिमटीत फिरवत होते. आटे संपले तेव्हा गोटीला हलका हिसका बसला. एक्स्टेंशन बाहेर काढलं, आणि गोटीत बोल्ट नव्हता. तो खाली कुठंतरी ठण् करून पडला होता. अर्धा तास टॉर्च घेऊन बोळात पालथी पडून शोधला. वरून कुणीतरी विचारलं, "काही हरवलं का?" शेवटी तो इंजिनच्या खालच्या पत्र्यावर, तेलाच्या चिखलात, आरामात पडलेला मिळाला.

विद्यार्थ्याचं रॅचेट मी सातव्या दिवशी परत केलं, अगदी नाइलाजानं. दिवाळीत टोकियोहून येणाऱ्या भाच्याला तेच आणायला सांगितलं. शिवाय अडचणीसाठी वेराचं पाव इंची इथंच घेतलं. अर्धा इंची आपलंच भारतीय ठेवलं आहे, चाकाच्या नटांसाठी. जाडजूड, दाते मोजायचे तर काहीच नाहीत, पण घट्ट कामाला मला तेच बरं वाटतं. ते नागदेवीचं बहात्तर दात्यांचं रत्न शोभेला खिळ्यावर टांगलं आहे.

भाऊबीजेला मामा आला. वर्कशॉपातल्या आवाजानं त्याचे कान कधीच गेले आहेत, यंत्र लावतो पण सणासुदीला बंद ठेवतो. मी जपानी रॅचेट त्याच्या हातात दिलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, चौकोन एका चिमटीत धरला आणि दांडी मागं फिरवली. टिकटिक त्याला ऐकू येत नव्हती. अंगठा डोक्यावर टेकवून, डोळे मिटून, तो दाते नुसते बोटाला लागू देत होता. एकदा. दोनदा. मग कळ फिरवून उलट्या बाजूनं. फराळाची ताटली तशीच पडून होती.

"चांगलं आहे," तो म्हणाला. रॅचेटबद्दल त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. "केवढ्याला?"

स्वयंपाकघराच्या दारात नवरा उभा होता. मी त्याला जो आकडा सांगितला होता तोच मामाला, मोठ्यानं, सांगितला. खऱ्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश.

मामानं कानाचं यंत्र चालू केलं आणि आकडा परत विचारला. मी परत सांगितला.

"एवढंच?" तो म्हणाला. "मग भाच्याला सांग, मलाही एक आण."